तिसरा मजला, खिडकीशेजारी

सकाळी आल्या आल्या बाई पर्स खुर्चीला अडकवायच्या, चष्मा पुसायच्या आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरचा नंबर शोधकात टाकायच्या. पडद्यावर त्यांचं नाव यायचं, 'तिसरा मजला, खिडकीशेजारी' असं यायचं आणि त्याखाली 'वापरात'. मग समाधानाने म्हणायच्या, "चला, आहे म्हणायची मी." आणि कामाला लागायच्या.

शोधक हे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. मोठ्या कंपन्यांत कॉम्प्युटर, प्रिंटर इतके असतात की कुठला कुणाकडे आहे हे कुणालाच धड ठाऊक नसतं. वस्तूवर चिकटवलेला नंबर टाकला की शोधक सांगायचा, ती कुणाच्या ताब्यात आहे, कुठे आहे, वापरात आहे की भंगारात गेली. तो कसा वापरायचा याचं पुस्तक लिहिणं हे बाईंचं काम, आणि त्यांच्या हाताखाली माझं. पुण्यात तेव्हा आयटीचं वारं नवं होतं. जो तो प्रोग्राम लिहायला धावत होता. पुस्तक लिहिणारे आम्ही दोघेच, आणि आम्ही नक्की काय करतो हे विचारण्याइतकी फुरसत कुणाला नव्हती.

बाई बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने यायच्या. आधी कुठल्याशा सरकारी कचेरीत होत्या. पुस्तक इंग्रजीत असायचं, पण प्रत्येक वाक्य त्या आधी मराठीत बोलून पाहायच्या. मराठीत सांगता येत नसेल तर आपल्याला ते कळलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा मजकूर वाचून झाला की चष्म्यावरून बघत शांतपणे विचारायच्या, "अहो, शोधकाला विचारलंत? की मनानेच लिहिलंत?" बहुधा मनानेच लिहिलेलं असायचं. "आधी विचारावं, मग लिहावं," एवढं बोलून कागद परत करायच्या. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. तेव्हा त्याचा राग येतो.

पुस्तकात खोटं उदाहरण घालायचं नाही, हा त्यांचा हट्ट. इतर कंपन्यांच्या पुस्तकांत एखादं काल्पनिक नाव ठोकून दिलेलं असतं. बाईंना ते चालायचं नाही. नसलेल्या माणसाचा पत्ता लोकांना कशाला द्यायचा, असं त्या म्हणायच्या. म्हणून पहिल्याच पानावर त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरचा नंबर छापला. सरावासाठी आमच्या ऑफिसच्या नोंदी ग्राहकांना खुल्या होत्याच. नवा माणूस पुस्तक उघडतो आणि पहिलं उदाहरण जसंच्या तसं टाकून बघतो. त्यामुळे कुठल्या कुठल्या देशांतली अनोळखी माणसं रोज बाईंचा शोध घ्यायची. "सासरच्यांनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती," असं त्या चेहरा सरळ ठेवून सांगायच्या.

मग त्या आजारी पडल्या. ऑपरेशनला जाताना खुर्चीवर स्वेटर ठेवून गेल्या, आल्यावर लागेल म्हणून. त्या परत आल्या नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर जुनाट होता, त्यातलं सगळं पुसून तो भंगारात काढला. टेम्पोत चढवला तेव्हा मी खालीच उभा होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. स्वेटर उचलायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

पुढे पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. बाईंच्या शिस्तीप्रमाणे मी एकेक उदाहरण शोधकाला विचारायला बसलो. पहिलाच नंबर टाकला. बाईंचं नाव आलं. तिसरा मजला, खिडकीशेजारी. वापरात. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात, मी वळून बाईंच्या खुर्चीकडे पाहिलं.

नोंद बदलायची राहिली असेल, असं मनाला समजावत मी वस्तूंची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. भंगाराची नोंद त्यांनी केलेली होती. माझ्यासमोर त्यांनी ती पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी बाई वापरात. त्यांनी परत बदललं, बाई परत हजर. त्यानंतर ते गृहस्थ आमच्या मजल्यावर येईनासे झाले. चहाला जाणारे लोकही त्या खुर्चीला वळसा घालू लागले.

उलगडा एका प्रोग्रामरने केला. एखाद्या वस्तूची सारखी चौकशी होत असेल तर ती भंगारात कशी असेल, नोंद करणाराच चुकला असणार, असं शोधकाने धरून चालावं, हे प्रोग्रामरांनीच मुद्दाम ठरवलेलं होतं. अशा वस्तूला पंधरवडाभर कुणी विचारलं नाही की मग मात्र ती नोंद आपोआप भंगारात जायची. तेव्हा मला आठवलं, हे वाक्य बाईंनी मला मराठीत बोलून दाखवलं होतं. "ज्याची कुणीतरी चौकशी करतंय, ते आहे असं समजावं," असं म्हणाल्या होत्या आणि लगेच इंग्रजीत लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

साहेबांनी सांगितलं, गेलेल्या बाईंचा नंबर पुस्तकात बरा दिसत नाही, काढून टाका. काढला की विचारणारं कुणी उरणार नाही आणि बाई जाणार, हे मला कळत होतं. पण असलं कारण साहेबांना कोणत्या तोंडाने सांगणार? खऱ्या माणसाचाच नंबर हवा म्हणून मी माझा घातला. ग्राहकांना जुन्या प्रती बदलून दिल्या. आणि रोज सकाळी आल्या आल्या मी बाईंचा नंबर टाकू लागलो. मी एकटा विचारत होतो आणि तेवढं पुरत होतं. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण बाई अजिबातच नसण्यापेक्षा ती भीती परवडली.

मग वडिलांच्या आजारपणामुळे मला महिनाभर गावी राहावं लागलं. तिथून शोधकाला विचारायची सोय नव्हती. निघताना मी त्या खुर्चीसमोर क्षणभर उभा राहिलो आणि मनातल्या मनात बाईंची माफी मागितली. परत आलो, बॅग खुर्चीला अडकवली आणि 'भंगारात' असं वाचायची तयारी ठेवून नंबर टाकला.

बाईंचं नाव आलं. तिसरा मजला, खिडकीशेजारी. वापरात.

म्हणजे मी नव्हतो तेव्हाही कुणीतरी विचारत होतं. एखादी जुनी प्रत कुठेतरी राहिली असेल. चौकशी कोणत्या जागेवरून झाली, हेसुद्धा विचारलं तर शोधक सांगतो. ते कसं विचारायचं हे बाईंनीच लिहून ठेवलंय आणि मला ते पाठ आहे. सगळं टाकून झालं, फक्त बटण दाबायचं राहिलं. खिडकीतून सकाळचं ऊन स्वेटरवर आलं होतं. आधी विचारावं, हे बाईंचं म्हणणं त्या गेल्यापासून मी कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. टाकलेलं सगळं पुसलं.

"चला, आहात म्हणायच्या तुम्ही," एवढंच म्हणालो आणि कामाला लागलो.