अडीच हजारांचे घर, तीन हजारांचे गहाण

पापडी गावातले ते घर मी चार हजारांना ठरवले होते. इसार तीनशे दिला होता, सातशे रोख पिशवीत होते आणि उरलेले तीन हजार पतपेढी घर गहाण ठेवून देणार होती. इसारपत्राची मुदत त्याच दिवशी संपत होती. नोंदणी चुकली असती तर इसार बुडाला असता आणि घरही गेले असते. मुंबईचे एक गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार होते.

दस्तलेखक म्हणाला होता, "मास्तर, खरेदीखतात अडीच हजार लिहू. स्टँप कमी लागतो. सगळेच लिहितात." मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. मान डोलावली. गहाणखत पतपेढीने वेगळे लिहून आणले होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, हे मला सुचले नाही.

ते नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला सुचले.

"घर अडीच हजारांचं आणि त्यावर कर्ज तीन हजारांचं? मास्तर, पोरांना हेच गणित शिकवता काय?"

घर विकणारे काका बाकावर बसले होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण ऐकू चांगले येत होते. ते उठले.

"कितीचं म्हणाला तो?"

"काका, ते फक्त कागदावर..."

"माझ्या बापाने एकेक दगड वाहून बांधलं. कागदावर अडीच हजार? मी अंगठा देत नाही."

मी म्हणालो, "चार हजारच लिहितो." दस्तलेखकाने नवा हिशेब मांडला: चार हजारांचा स्टँप, गहाणखताचा वेगळा, दोन्हींची नोंदणी फी, नक्कल, लिहिणावळ. आधीचा स्टँप वाया. गहाणखतालाही फी असते, हे मी धरलेच नव्हते. अडतीस रुपये कमी पडत होते. माझा महिन्याचा अर्धा पगार! कचेरी बंद व्हायला तास उरला होता.

काका म्हणाले, "माझ्या सातशेतले घ्या. पण चार हजार लिहा. आणि वाचून दाखवा."

नवा कागद तयार झाला, कारकुनाने तो मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे त्यांनी अंगठा दिला.

ते अडतीस रुपये मी चार हप्त्यांत फेडले. दर खेपेला पैसे घेण्याआधी ते विचारायचे, "मास्तर, घर कितीला घेतलं?"

आणि मला ओसरीत उभे राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल असे सांगावे लागे, "चार हजारांना, काका."