हरवलेल्या घोड्यांचे इशेनकुल

आमच्या जेझदेंना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, इशेनकुल या नावानं हाक मारणारं आता गावात फारसं कुणी उरलेलं नाही. सगळे 'फाईलवाले' म्हणतात. लोक पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमची चार-पाच खोरी आहेत. त्यात कुणाचं जनावर हरवलं, किंवा कुणाच्या दारात परकं जनावर येऊन उभं राहिलं, की त्याचा फोटो जेझदेंकडे येतो. ते तो आपल्या ग्रुपवर टाकतात आणि पलीकडच्या खोऱ्यांतल्या ग्रुपांनाही धाडतात. पूर्वी ते दुधाचा टँकर चालवायचे, तेव्हा हाच उद्योग तोंडी चालायचा. पुढे टँकर बंद झाला, गुडघे गेले आणि हातात फोन आला. मिळकत काही नाही. माझी बहीण सायरा म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच आहेत तर निदान एखादी घरी तरी आणा. एकदा तर एकानं सापडलेला घोडा सरळ यांच्याच अंगणात आणून बांधला आणि मालक शोधा म्हणून निघून गेला. वैरण यांची. सायरानं त्या दिवशी 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' इतकंच म्हटलं आणि दार आपटलं.

जेझदे दमलेत. चहाची वाटी तोंडाला लावली की फोन वाजतो. मग पुन्हा तेच पुराण सुरू होतं, की बाळा, फोटो तसाच पाठवू नकोस, फाईल म्हणून पाठव, तसाच पाठवलास तर वाटेत त्याचा पार चुरा होतो. दिवसाउजेडी काढ. दोन्ही बाजूंनी काढ. कान जवळून काढ. त्यावर फुलं लावू नकोस, आपला नंबर लिहू नकोस, कडा कापू नकोस. शिवाय जनावराच्या खांद्याशी आपली पांढरी कालपाक टोपी धर, कारण फोटोत टोपीच पिवळी दिसली तर घोड्याचा पिवळेपणाही तेवढा खोटा धरता येतो. यात न कळण्यासारखं काय आहे? पण एकानं बोकड आणि टोपीचा फोटो पाठवला, त्यात टोपी स्वच्छ होती आणि बोकडाचं नुसतं एक शिंग. दुसऱ्यानं गाढवालाच कालपाक घातली. आमचे जेझदे तर टोपी जमिनीवरही ठेवू नये असं मानणारे. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

लोकांना वाटतं म्हाताऱ्याला खूळ लागलंय. मी थट्टा करते, पण मला वाटत नाही तसं. केरेझ आपाच्या घोडीच्या वेळी मी होते.

केरेझ आपा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. नवरा गेलेला, मुलगा परदेशात कामाला, तोही फोन करील तेव्हा खरा. तिच्यापाशी एक घोडी होती. उन्हाळाभर तिचं दूध काढायचं, आंबवून त्याचा कुमीस करायचा, आणि रस्त्याकडेला बाटल्या मांडून बसायचं, यावर तिचं वर्ष निघायचं. घोडी नवऱ्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली, आणि त्या वर्षी गाभण होती. शरदात कुरणावरून कळप उतरला तो तिच्यावाचून. आपा रोज सकाळी जेझदेंच्या दारात यायची. काही विचारायची नाही. उभी राहायची, चहा घ्यायची, जायची.

घोडी होती कुला. वाळूसारखी पिवळसर, आयाळ काळी, आणि कण्यावरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. दुसरा एक रंग असतो जेरदे, तो अंगापासून आयाळीपर्यंत सगळा तांबूस. आमच्याकडे दात न आलेलं पोरही या दोहोंची गल्लत करणार नाही. आणि तिथेच आमची खोड आहे. रंगाचं नाव एकदा उच्चारलं गेलं की मग कुणी घोड्याकडे बघत नाही, नावाकडेच बघतं.

एका संध्याकाळी खिंडीपलीकडच्या एका घोडीचा फोटो आला. तो किती हातांतून आला होता देव जाणे. कुणीतरी चारी बाजूंनी कापून नुसती घोडी ठेवली होती. कुणी तिच्या कानावर लाल अक्षरांत फोन नंबर लिहिला होता. आणि मधल्या एका शहाण्याला पुढे धाडता येत नव्हतं, म्हणून त्यानं चुलीशेजारी दिव्याखाली बसून एका फोनचा फोटो दुसऱ्या फोननं काढला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी दिसली ती एक तांबूस घोडी, जरा धुरकट, आणि मोठी करून बघावी तर नुसते चौकोन. जेझदेंनी खाली लिहिलं, 'जेरदे घोडी, मालकानं संपर्क साधावा', आणि फोटो पुढे धाडला.

सकाळी आपा आली. मी तिथेच कणीक मळत होते. जेझदेंनी फोन तिच्यापुढे धरला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिनं फोन परत केला.

"मला काय दिसणार यात," ती म्हणाली. "तूच सांग, रंग कोणता?"

"जेरदे आहे, आपा."

"मग माझी नाही."

चहा घेऊन ती गेली.

महिन्याभरानं जेझदे कुणाच्या तरी हरवलेल्या बैलांसाठी खिंडीपलीकडे गेले आणि जेनाली नावाच्या मेंढपाळाकडे उतरले. बोलता बोलता जेनाली म्हणाला, मागे आमच्या दारातही एक परकी घोडी आली होती, आणि आपल्या फोनमधला फोटो त्यानं दाखवला. त्यानं स्वतः काढलेला, कुणाचा हात न लागलेला. घोडी कुला होती. पाठीवरची रेघ काजळाच्या बोटानं ओढावी तशी स्पष्ट. डाव्या कानाला दोन खाचा, केरेझ आपाच्या घरातल्या जनावरांच्या असतात त्याच.

जेझदेंनी विचारलं, आहे कुठे ती. जेनाली म्हणाला, मालक घेऊन गेला की. शहरात राहणारा कुणी, त्याचे घोडे इकडे गड्याच्या राखणीला असतात, त्यातली एक जेरदे हरवली होती. त्यानं ग्रुपवर फोटो पाहिला, खाली 'जेरदे' वाचलं, माझीच म्हणाला आणि ट्रक पाठवला. पाण्यात म्हैस अन् वर मोल म्हणतात तसला व्यवहार. ट्रकवाल्याला कसला रंग? त्यानं चढवली आणि नेली. जेनालीला थोडी शंका आली होती, पण मालक स्वतः ओळख पटली म्हणतोय तर आपण कोण.

जेझदेंनी तिथूनच त्या माणसाला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की घोडी हिवाळ्याच्या मांसासाठी कापून झाली, आत शिंगरू निघालं तेव्हाच कसायाला चुकल्यासारखं वाटलं होतं, कारण आमची गाभण नव्हती.

घरी येऊन जेझदेंनी हे आम्हा दोघींना सांगितलं. हे पोटातच ठेवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आपाला तर मुळीच नाही. मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून गोठ्यात गेले. आपली एकुलती एक घोडी सोडली, दोर हातात घेतला. सायरा एरवी वैरणीच्या काडीवरून भांडणारी बाई. तिनं कणकेचे तळलेले बोर्सोक फडक्यात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तू बरोबर जा. यांच्यानं एकट्यानं व्हायचं नाही."

आपा चुलीपाशी बसली होती. जेझदेंनी सगळं सांगितलं. दिव्याखालचा फोटो सांगितला, आपण लिहिलेला शब्द सांगितला, कसाई सांगितला. शिंगराचं सांगू नका म्हणून मी त्यांना वाटेत बजावलं होतं, तेही सांगितलं. मग म्हणाले, "माझी घोडी दारात बांधलीय, आपा. ती आजपासून तुमची."

"तुझ्या घोडीचं काय करू मी," आपा म्हणाली. राग नव्हता त्यात, ती नुसती थकलेली होती. "सोड तिला, थंडी पडेल. फोटो आहे का? तो चांगला?"

फोटो होता. जेनालीकडून त्यांनी तो फाईल म्हणूनच घेतला होता, जसाच्या तसा. त्यांनी फोन तिच्या डोळ्यांपाशी नेला, बोटानं मोठा केला, एवढा मोठा केला की कानाच्या खाचा अंगठ्याएवढ्या झाल्या, आणि तरी त्या फुटल्या नाहीत. आपानं काचेवर बोट ठेवलं. म्हणाली, ही खाच म्हाताऱ्यानं वाकडी कापली होती, मी तेव्हाच बोलले होते त्याला. नंतर बोट पाठीच्या रेघेवरून फिरवत शेपटीपर्यंत नेलं. मग फोन मी धरला.

मग तिनं विचारलं, "आजूबाजूला काय आहे? मला नुसतं पांढरं दिसतंय."

आमच्याकडे आला होता त्या फोटोत आजूबाजूला काहीच नव्हतं, सगळं कापलेलं. इथे जेनालीचं कुंपण होतं, बंद फाटक होतं, मागे डोंगर. जेझदेंनी ते सांगितलं.

"आणि ती कुठे उभी आहे?"

"फाटकाशी."

"तोंड कुणीकडे?"

इथे त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं. एक शब्द बोलायचा होता, आणि तिला काय दिसणार होतं? पण जेझदे फोटोकडे बघत राहिले, आणि ज्या माणसाला एकदा न बघता रंग सांगितल्याचं एवढं महाग पडलं होतं, त्याला आता न बघता काही सांगता येईना.

"खिंडीकडे," ते म्हणाले. "फाटकाला छाती लावून उभी आहे."

खिंड म्हणजे इकडे. आमच्या गावाकडे.

आपानं मान हलवली. बोर्सोकचं फडकं सोडलं, एक जेझदेंपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. मग समजूत काढावी तशा आवाजात जेझदेंना म्हणाली, "तुझी चूक नाही रे. मीच रंग विचारत बसले. तोंड कुणीकडे आहे, हे विचारायला हवं होतं मी."

जेझदे तो बोर्सोक हातात धरून बसून राहिले. मला तिथे बसवेना, म्हणून वाट्या विसळायच्या निमित्तानं मी अंगणात आले, आणि त्यांची घोडी तिथे अजून बांधलेली होती.