बुवांच्या अकरा चाली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतेय – आणि सांगतानाही माझा मलाच इतका संताप येतोय की दात आवळले जातायत.

मांडवीला माझा छोटा स्टुडिओ आहे. स्टुडिओ कसला, घराचीच मागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, दुकानांच्या जाहिराती – येईल ते रेकॉर्ड करते.

आरे-वारेच्या पुढच्या एका वाडीतले शाहीर माझ्याकडे आले होते. सगळे त्यांना बुवा म्हणतात. उभा जन्म शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पार्ट्यांनी गाण्यातून एकमेकींना सवाल-जवाब करायच्या सामन्यांत गेलेला माणूस. गळ्यात गाठ निघाली होती, ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. येत्या हंगामासाठी त्यांनी अकरा नवी गाणी बांधली होती. आता, आमच्याकडे नवी चाल सामना जवळ येईपर्यंत स्वतःच्या कोरसलासुद्धा ऐकवत नाहीत. कुठून तरी फुटते आणि समोरची पार्टी उत्तर बांधून आणते. म्हणजे त्या अकरा चाली जगात फक्त बुवांच्या गळ्यात होत्या. दोन दिवस एकटेच ढोलकी वाजवत ते गायले. जाताना म्हणाले, "बाय, कापी काढू नको हां. गानी भायेर जाऊ नयेत."

मी हो म्हटलं आणि त्यांचं ऐकलं नाही. लॅपटॉपवरचं त्यांचं फोल्डर इंटरनेटवर जोडलेलं होतं, तिथून माडीवरच्या कॉम्प्युटरवर. तीन ठिकाणी गाणी! मी निर्धास्त. कसली निर्धास्त? तीन ठिकाणी दिसणारी ती एकच वस्तू होती – एकीकडे पुसली की तिन्हीकडे पुसली जाणारी. हे मला माहीत नव्हतं का? होतं! येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच तर हे ऐकवत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. वेगळी डिस्कही आणून ठेवली होती. खोक्यातून काढायचा कंटाळा केला.

मग एका आंबावडीच्या जाहिरातीचं काम आलं आणि लॅपटॉप भरला. बुवांचं फोल्डर सगळ्यात जड. "वर आहे की" म्हणत मी ते पुसलं. स्क्रीनवर विचारणा आली, सगळीकडून काढायचं का म्हणून. न वाचता हो दाबलं. पुसलेलं महिनाभर परत मिळतं, पण माझ्या लक्षात आलं तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. रिपेअरवाल्याकडे धावले. दोन्ही कॉम्प्युटरांत त्या जागेवर आंबावडी बसली आहे, काही निघणार नाही, असं त्याने सांगितलं.

इथवरची चूक झाली. अशा चुका होतात, मी काही तेवढ्यासाठी तुम्हाला थांबवलेलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर बुवा आले, बरोबर त्यांची मुलगी सुलभा. आवाज गेलाच होता, नुसता वारा निघत होता तोंडातून. कोरसला गाणी ऐकवून बसवायची म्हणून ते न्यायला आले होते. त्यांच्या समोर बसून मी काय म्हणाले? – म्हणाले, "बुवा, तुम्हीच कॉपी नको म्हणाला होतात. एकच ठेवली, आणि ती डिस्क गेली."

किती बेमालूम! अडखळलेसुद्धा नाही. आणि बुवांनी काय करावं? कपाळावर हात मारला, आणि मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माजीच चूक, बाय." आवाज नाही, नुसते ओठ. मला धीर देत होता तो माणूस – मला!

सुलभा मात्र तडकली. तुमच्या हट्टापायी सगळं गेलं, म्हणून माझ्यासमोर बापाला बोल बोल बोलली. गळ्याचे टाके अजून ओले होते त्यांच्या. तेव्हा तरी तोंड उघडायला नको का? उघडलं की. मी म्हणाले, "एक कॉपी ठेवूया म्हणून मी सांगितलं होतं त्यांना."

कधी सांगितलं होतं? कधीच नाही. हे दुसरं खोटं मला कोणी मागितलंही नव्हतं. पहिलं भीतीपोटी निघालं म्हणता येईल. हे कशासाठी? आपण चांगलं दिसावं म्हणून! त्या क्षणी माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती कोणीतरी.

त्या वर्षी बुवांची पार्टी सामन्याला उभी राहिली नाही. कोरसची माणसं पांगली, दुसऱ्या शाहिरांच्या मागे जाऊन उभी राहिली.

परवा एका गावात सामना होता. बुवांना मानाने स्टेजवर बसवलं होतं, मीही गेले होते. बुवांनी माईक ओठांना चिकटवला आणि त्या फाटक्या कुजबुजीत सगळ्या शाहिरांना सांगितलं – माझ्यासारखं करू नका. ह्या बायने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाय, माझी गानी माझ्या हट्टानं गेली. मग मला वर बोलावलं आणि स्वतःच्या हाताने शाल-नारळ दिला. सुलभा पुढच्याच रांगेत होती. बापाकडे न बघता टाळ्या वाजवत होती.

मी वाकून बुवांच्या पाया पडले, नारळ घेतला, आणि खाली येऊन माझ्या खुर्चीवर बसले. गाणी मी पुसली होती.