मेल्यानंतरचा चहा

आमच्या चारुलतावहिनीबरोबर सिनेमा बघणं म्हणजे डॉक्टरशेजारी जेवायला बसणं. प्रत्येक घासाला थांबवून त्यात काय आहे ते ऐकावं लागतं. देवासच्या मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर सगळा उत्साह भुताच्या सिनेमांवर काढला. रविवारी दुपारी पडदे ओढायचे, पाहुण्यांना पोहे द्यायचे आणि रिमोट घेऊन टीव्हीशेजारी उभं राहायचं. पुढच्या सीनमध्ये काय होणार, आपण का घाबरणार, हे आधी सांगायचं आणि मगच सीन लावायचा. "अशानं भीती कसली वाटणार, कपाळ!" असं मी कितीदा तिच्या तोंडावर म्हटलं असेल. "वन्सं, कारण कळल्यावरही जी उरते, तीच खरी भीती," हे तिचं ठरलेलं उत्तर. भावजय आहे, म्हणून ऐकून घेते.

उन्हाळ्यात तिच्या मेंदूत गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण स्मरणशक्तीवर थोडा परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. झालं! तेव्हापासून तिनं चष्मा शोधला तरी घरातले एकमेकांकडे बघायला लागले. तिचा मुलगा अनीश पुण्याहून आला तो ठरवूनच, की देवासचं घर बंद करायचं आणि आईबाबांना घेऊन जायचं. माझा भाऊ नीलकंठदादा मूग गिळून गप्प; ऑपरेशनच्या दिवशीही त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मला असा संताप आला! धडधाकट बाई समोर बसली आहे आणि हे तिच्या बॅगा भरायला निघाले.

वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "एक रविवार होऊ दे. लहानपणी धारला एक सिनेमा पाहिला होता. इतकी भ्याले की पुन्हा कधी त्याच्या वाटेला गेले नाही. तो सांगते. नीट सांगता आला नाही, तर येते पुण्याला."

रविवारी शेजारची शिखा आली, आणि धारहून उदाजीराव आले. ते वहिनीच्या माहेरच्या गल्लीतले. सिनेमा काळापांढरा, जुना. त्यात एक हवेली, एक नवी नवरी आणि मागच्या अंगणात बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. वहिनीची सुरुवात झकास झाली. कुत्रा भुंकत नाही म्हणून भीती वाटते, म्हणाली, आणि खरंच कुत्रा भुंकला नाही. नोकर आधी सावलीतून दिसतो, म्हणाली, आणि तसाच दिसला. अनीशच्या चेहऱ्यावर सुद्धा हसू आलं. मला वाटलं, जिंकली.

मग ती म्हणाली, "आता नवरी बावडीत बुडून मरते. आणि लगेच पुढचा सीन सगळ्यात भयंकर. तीच नवरी सकाळी स्वयंपाकघरात चहा करते. संगीत नाही, किंकाळी नाही. मेलेली बाई हसून नवऱ्याला विचारते, साखर किती घालू? आणि त्याला पत्ताच नाही!"

तिनं बटण दाबलं. पडद्यावर चांगली जिवंत नवरी चहा करत होती. साखर विचारून झाली, नवरा कामाला गेला, आणि मग संध्याकाळी ती बावडीत पडली. वहिनीनं रिमोट मागे केला, पुढे केला. क्रम तोच. शिखा बशीत बघायला लागली.

"आई, रहने दे ना. बस तू," अनीश म्हणाला. लहान मुलाला समजावतात ना, त्या आवाजात. एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते, पण वहिनी अजून रिमोट मागेपुढे करत होती. "मला तर अगदी स्पष्ट आठवतंय," ती पुटपुटली. तेव्हा पहिल्यांदा मला तिच्याबद्दल भीती वाटली.

उदाजीराव मघापासून डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते. ते एकदम म्हणाले, "अरे भिया, ये पिक्चर में गड़बड़ किसने की? चहा तर ती मेल्यावर करते!"

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"धारला तसाच होता ना! आमचे गणोजीकाका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रिळांच्या डब्यांवर नंबर उलटे पडले होते. पहिल्याच शोला मेलेली नवरी चहा करायला लागली, तर पब्लिक ऐसी चिल्लाई की पूछो मत! काका घाबरून मालकाकडे पळाले. मालक म्हणाला, गणोजी, ऐसेच चलने दो. चारुताई, अख्ख्या धारनं तो तसाच पाहिलाय. माझी आई तर कितीतरी दिवस सकाळचा चहा घेत नव्हती."

"म्हणजे मी बरोबर सांगत होते?" वहिनीनं विचारलं.

"एकदम बरोबर!"

माझा जीव असा काही भांड्यात पडला की मी वहिनीला मिठीच मारली. आमच्यात हे असलं कधी होत नाही. अनीशनं रिमोट आईच्या हातात दिला. "पुण्याचं राहू दे, आई. तू धारवाला दाखव."

वहिनी पुन्हा उभी राहिली. काय होणार, कशामुळे होणार, सगळं तिनं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आधी बावडी लावली, मग मागे जाऊन चहा. आम्हाला एकूणएक माहीत होतं. तरीही ती नवरी वळून हसली आणि साखर किती म्हणाली, तेव्हा आम्ही सगळे किंचाळलो. अनीशनं आईचा दंड घट्ट धरला, उदाजीरावांचे पोहे सतरंजीवर सांडले. नीलकंठदादानं तर दोन्ही हातांनी तोंड झाकून हंबरडाच फोडला. एवढा मोठा माणूस भुताला भ्याला, म्हणून सगळे पोट धरधरून हसले. मी त्याच्या शेजारीच बसले होते. तो भ्याला नव्हता.