अर्धं जळलेलं लेबल

इथे भातात घालतात त्या सुकवलेल्या काळ्या लिंबाचा वास आला, की आखातातल्या रुस्ताक गावाबाहेरचं, खजुराच्या बागेतलं ते हॉटेल आठवतं. श्रावणातल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, अर्बाब म्हणजे माझा मालक मला आग्रहानं जेवायला घेऊन गेला होता. मी श्रावण पाळतो, हे त्याला ठाऊक होतं. बरोबरच्या बाकी कामगारांपुढे मटण-भात आला, माझ्यापुढे नुसता भात. मला खात्रीच होती, हाही मटणाच्या पाण्यातच शिजवलाय आणि वरचे तुकडे तेवढे उचललेत. मी शितं इकडून तिकडे सारत बसलो. अर्बाब बराच वेळ बघत होता. मग उठून हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेला आणि माझा भात शिजवलेलं पातेलंच घेऊन आला. “नया है. सुबह मैंने लिया, तुम्हारे लिए.” बुडाशी दुकानाचं लेबल होतं, अर्धं जळलेलं. मी ताट चाटूनपुसून साफ केलं. अजून त्याच्याकडेच कामाला आहे. सलाम रोज होतो. जेवायचं बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही.