कानात सांगितलेलं नाव

अमरावतीत माझं सगळं आयुष्य लेकरांचा खोकला ऐकण्यात गेलं. श्वसनाचे विषाणू आणि त्यांच्यावरच्या लशी हा माझा विषय. स्वतःला सर्दी असताना तान्ह्या नातवाचे मुके घेतले म्हणून चांदूर बाजारच्या एका आजीला मी भर ओपीडीत झापलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अकोल्याला धाकट्या भावाला मुलगी झाली, तेव्हा नेमकी मला सर्दी होती. बारशाला मी मास्क लावूनच गेले. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. मी पाळण्यात वाकले तशी मागून कोणी बाई म्हणाली, "तोंडावरचं काढा ना मॅडम, पोरीले तिचं नाव आयकू तं येऊ द्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मास्क हनुवटीखाली ओढला. पाठीत रिवाजाचे धपाटे पडत होते आणि मी त्या इवल्या कानाशी श्वास सोडत होते. मिनिटभराने काय होतं, असं वाटलं.

पाचव्या दिवशी पोर दूध पिईना, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. तिला मी माझ्याच दवाखान्यात आणून ऑक्सिजनवर ठेवलं. तपासणीत आरएसव्ही निघाला. मोठ्यांना नुसता शिंकवणारा आणि तान्ह्यांचा श्वास कोंडणारा हा विषाणू. याच्यावरच मी गावोगाव व्याख्यानं झोडते. माझी स्वतःची तपासणी मी केली नाही. भीती वाटली.

काचेबाहेर उभ्या भावजयीने विचारलं, "ताई, हे कोनापासून लागलं असन?"

"तुही आई खोकलून राह्यली होती ना बारशात," मी म्हणाले.

पातूरच्या त्या म्हातारीचा खोकला दम्याचा, जुना. औषध मीच लिहून दिलेलं. तो कुणाला लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पोर वाचली. आता दोन वर्षांची आहे, मला पाहिलं की धावत येते. तिची आजी पातूरहून आली की दाराशीच बसते. नात जवळ गेली तर तोंडावर पदर धरून म्हणते, "माह्याजवळ नको येऊ माय, आत्याजवळ जाय."

मी तिला उचलून घेते.