मयत हिराबाई हजर!

दुरुस्ती केंद्रात बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते टोकन घेऊन रांगेतच उभे असतात! नालासोपाऱ्याच्या आमच्या केंद्रात मी आणि सिल्वेस्टर, दोघंच. लोकांच्या सरकारी नोंदीतली चुकलेली वयं, पत्ते, फोटो नीट करायचे. चूक कुणाचीही असो, शिव्या आम्हालाच!

नायगावच्या टॉवरमधले एक गृहस्थ आले. मिशा भरघोस आणि नोंदीत मात्र ‘स्त्री’! त्यामुळे त्यांना गरोदर बायकांसाठीचे मेसेज यायला लागले. “मॅडम, मला सातवा महिना लागलाय म्हणे!” मी हसू दाबत म्हटलं, “लगेच करते दुरुस्त.” शेजारून त्यांची बायको म्हणाली, “घाई नाही हो. कळू दे जरा!”

वालीवच्या कारखान्यातल्या एका काकांचं जन्मसाल असं चुकलं होतं, की कागदोपत्री मुलगा बापापेक्षा मोठा! “ताई, आजच करा. काल पोराला ओरडलो, तर मला म्हणतो, मोठ्यांशी असं बोलतात का!”

हिराबाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या कळंबच्या, मासे विकणाऱ्या. होडीवर जाणारा नवरा वारला, आणि नोंद करणाऱ्याने घोळ घातला. नवरा जिवंत, हिराबाई मयत! रेशन दुकानात अंगठा लागेना, धान्य बंद. आम्ही अर्ज पाठवला, तर वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, जिवंत असल्याचा पुरावा जोडा. हिराबाई माझ्यावरच उखडल्या, “मंग ही समोर उभी हाय ती कोन?”

मला फार वाईट वाटायचं. बाई उन्हातान्हातून यायची, बाकावर बसायची आणि तशीच परत जायची. सिल्वेस्टर दर खेपेला तिला चहा द्यायचा. “मेलेल्या मानसाला चा पाजतोस,” ती म्हणायची, “पुन्य लागंल तुला!”

एकदा हिराबाई अशाच बसलेल्या असताना सिल्वेस्टरच्या गावातले मनवेल नावाचे दोघं आले, आजोबा आणि नातू. त्यांच्या ख्रिस्ती समाजात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. एकाच घरात एकच नाव, मग फोटोंची अदलाबदल झालेली! नातवाचा पासपोर्ट अडकलेला, तो घायकुतीला आलेला. त्याचं काम झाल्यावर मी आजोबांना म्हटलं, “या, आता तुमचाही फोटो बदलते.”

“माझा राहू दे की,” आजोबा म्हणाले. “या वयात इतका चांगला परत येणार आहे का?” हिराबाई पोट धरधरून हसल्या. इतक्या खेपांत त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी त्यांची मंजुरी आली. मी आनंदाने फोन करून बोलावून घेतलं. स्क्रीनवर नवराबायको दोघांचे फोटो होते.

“हिराबाई, एक बटण दाबलं की तुम्ही जिवंत!”

“आन ह्ये?” त्यांनी नवऱ्याच्या फोटोवर बोट ठेवलं.

“त्यांच्यापुढे मयत लागेल. दोन्ही एकदमच होतं.”

हिराबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “परवा नारली पुनव. घरचा नारल दरसाल ह्याच्याच नावानं दर्याला जातो.”

“पण हिराबाई, आज केलं तर धान्य लगेच सुरू होईल!”

“हुईल गं पोरी. पुनव हू दे.” त्या जाऊन आपल्या बाकावर बसल्या. “तवर मी हाय मेलेली. सिल्वेस्टर, चा आन रं!”